अंदाज बांधणारा कप्तान

रेडिओवर हवामानाचा अंदाज सुरू झाला की घरात कुणी तरी म्हणतंच, 'पाऊस पडणार म्हणालेत ना, मग छत्री राहू द्या.' ही थट्टा त्या अंदाजाइतकीच जुनी आहे. ती पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला आली त्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याविषयी आज बोलणार आहे.

रॉबर्ट फिट्झरॉय १८०५ साली इंग्लंडमधल्या सफक परगण्यात जन्मला. घराणं उमरावाचं, वंशवेल थेट दुसऱ्या चार्ल्स राजापर्यंत जाणारी. तेविसाव्या वर्षी त्याला 'बीगल' जहाजाची कप्तानी मिळाली. आधीच्या कप्तानानं दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या निर्जन किनाऱ्यावर स्वतःवर गोळी झाडली, म्हणून ती जागा रिकामी झाली होती. फिट्झरॉयचा सावत्र मामा कॅसलरी हा देशाचा परराष्ट्रमंत्री. त्यानंही १८२२ साली स्वतःचा गळा कापून घेतला होता. त्यामुळे १८३१ साली पुन्हा लांबच्या सफरीवर निघताना या तरुण कप्तानाला एकटेपणाची धास्ती वाटली आणि त्यानं गप्पांना बरोबरीचा माणूस शोधला. तो माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन!

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कप्तान मात्र डार्विनच्या चरित्रातलं एक पात्र होऊन राहिला, तापट आणि बायबलला घट्ट धरून बसलेलं. तो तसा होताही. पण मोजणीचं काम नीट व्हावं म्हणून जादा जहाज त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलं आणि सरकारनं ते पैसे परत दिले नाहीत, हेही सांगायला हवं. पुढे १८४३ साली तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. जमिनीवरून झालेल्या रक्तपातात त्यानं माओरींऐवजी गोऱ्या वसाहतवाल्यांना दोष दिला आणि त्यांचा रोष ओढवून घेतला. शेवटी सरकारनं त्याला परत बोलावलं.

त्याचं खरं काम पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुरू झालं. १८५४ साली त्याला हवामानाच्या नोंदी गोळा करणारं एक छोटं खातं मिळालं. नोंदी जमवायच्या, तक्ते करायचे, एवढंच अपेक्षित होतं. मग ऑक्टोबर १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून येणारं 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. चारशेहून अधिक माणसं बुडाली, लिव्हरपूल इतकं जवळ आलं असताना. फिट्झरॉयच्या मनानं घेतलं, तारायंत्र वाऱ्यापेक्षा वेगानं धावतं, तर बंदरांना आधी कळवता का येऊ नये? ठिकठिकाणची निरीक्षणं तारेनं लंडनला येऊ लागली आणि १८६१ सालापासून धोका दिसला की बंदरात डोलकाठीवर शंकू चढू लागला. त्याच ऑगस्टमध्ये 'टाइम्स'मध्ये लोकांसाठी हवामानाचा पहिला अंदाज छापून आला.

या कामाला नाव काय द्यायचं, यावर त्यानं विचार केला होता. भविष्यवाणी त्याला नको होती, भाकीतही नको. हिशेबानं बांधलेलं मत, एवढाच अर्थ असलेला शब्द त्यानं निवडला. कवी म्हणून मला हे फार आवडतं. आपणही 'हवामानाचं भविष्य' म्हणत नाही, 'अंदाज' म्हणतो. फारसीतून आलेला हा शब्द गझलेत ऐटीचा, लकबीचा होतो. मराठीत तो पाय जमिनीवर ठेवून राहतो.

लोकांनी मात्र त्याला भविष्यवेत्ता ठरवूनच जाब विचारला. अंदाज चुकला की टिंगल. शास्त्रज्ञ म्हणत, याला सिद्धांताचा पाया कुठे आहे? खुद्द 'टाइम्स'नंही टीका केली. कान अधू झाले, झोप उडाली, पैसा संपला. ३० एप्रिल १८६५, रविवारची सकाळ. फिट्झरॉयनं खोलीचं दार लावून घेतलं आणि वस्तऱ्यानं आयुष्य संपवलं. कुटुंबाच्या मदतीसाठी निधी उभारला गेला, त्यात डार्विनचे १०० पौंड होते.

वर्षभरानं चौकशी समितीनं त्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि वादळाच्या सूचना बंद झाल्या. मग किनाऱ्यावरून ओरड सुरू झाली. ज्यांना समुद्रात जायचं होतं त्यांना चुकणारी का होईना, सूचना हवी होती! १८६७ साली त्या पुन्हा सुरू झाल्या. इकडे १८६४ च्या चक्रीवादळानं कलकत्त्यात हाहाकार केल्यावर, तो गेला त्याच १८६५ साली त्या बंदरासाठी वादळाच्या सूचना सुरू झाल्या होत्या. आपल्या कोकणात बंदरावर बावटा लागला की होड्या मागे फिरतात, तोही याच परंपरेतला.

२००२ साली स्पेनच्या वायव्येकडच्या सागरी विभागाला फिट्झरॉयचं नाव दिलं गेलं. बीबीसीवरून खलाशांसाठी जो अंदाज वाचला जातो, त्यात माणसाच्या नावाचा हा एकच विभाग आहे. निवेदक 'फिट्झरॉय' म्हणतो आणि पुढे वाऱ्याची दिशा सांगतो.