पाठवलेला पॅच वाचला जावा म्हणून

तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. १९९१ साली हेलसिंकीत लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज जगभरचे हजारो लोक मिळून करतात. त्यात दुरुस्ती सुचवायला पदवी लागत नाही, वशिला लागत नाही. तरी कित्येक नवोदितांचा पॅच, म्हणजे सुचवलेल्या दुरुस्तीचा कोड, जातो आणि उत्तरच येत नाही. त्यांना वाटतं, आपण परके म्हणून डावललं. खरं कारण बहुधा साधं असतं. कोड लिहिणारे उदंड, तपासणारे थोडे.

तेव्हा वाचणाऱ्याचे कष्ट कमी करा. कोणता भाग कोण सांभाळतं, हे कर्नलमधल्या ‘मेंटेनर्स’ या फाइलीत लिहिलेलं आहे; तुमचा पॅच पाहून नेमकी नावं काढून देणारी स्क्रिप्टही सोबत मिळते. ते न पाहता थेट लिनसला पाठवणं म्हणजे सातबाऱ्यावरच्या चुकीसाठी मंत्रालय गाठणं. कागद फिरून शेवटी तलाठ्याकडेच येतो. पॅच ईमेलच्या मजकुरातच हवा, वेगळी फाइल जोडू नका. तपासणारा ओळीखाली ओळ उत्तर लिहितो. एका पॅचमध्ये एकच बदल. दोष काढता काढता शेजारच्या ओळींची मांडणीही सुधारावी असा मोह होतो, तो आवरा. आणि वर्णनात ‘का’ ते लिहा: कुठल्या यंत्रावर काय बिघडत होतं, कुणाला त्रास होत होता. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. माझ्या मते बरेच चांगले पॅच इथेच मार खातात.

एवढं करूनही उत्तर नाही? किमान आठवडाभर थांबा, असं कर्नलची मार्गदर्शिकाच सांगते. नवे बदल मुख्य शाखेत घेण्याचे दोन आठवडे, म्हणजे मर्ज विंडो, चालू असेल तर आणखी थांबा. मग एक नम्र आठवण पुरे. तगादा नको, आणि हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करणारं साधन विनामोबदला सांभाळणाऱ्या माणसामागे २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी ‘पॅच कधी घेणार’ असा लकडा लावला. मदतीला आलेल्या एका टोपणनावाकडे हळूहळू अधिकार गेले आणि २०२४ मध्ये त्याच नावाने त्यात चोरदरवाजा बसवला. दूरच्या यंत्रात शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. आता घाई करणाऱ्या पत्राकडे मेंटेनर संशयाने पाहत असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

थांबायच्या त्या दिवसांत दुसऱ्या कुणाचा पॅच घ्या, आपल्या यंत्रावर चालवा, काय दिसलं ते कळवा. ‘टेस्टेड-बाय’ या शब्दांपुढे तुमचं नाव त्या बदलासोबत कर्नलच्या इतिहासात नोंदलं जाऊ शकतं. मेंटेनरचं काम थोडं हलकं होतं, आणि पुढे तुमचा पॅच आला की नाव त्याच्या ओळखीचं असतं.