राजूच्या हातातली केरसुणी



पत्रिकेवर माझा विषय फार भारदस्त छापला आहे, ‘बालमाध्यमे आणि लिंगभाव’. एवढ्या शब्दांना एका संध्याकाळी न्याय देणं माझ्या आवाक्यातलं नाही. मी एका कार्टूनमधल्या मुलीबद्दल बोलतो. खरं तर तिच्या भावाबद्दल. मुलगी मीना, भाऊ राजू, आणि जोडीला मिठू नावाचा आगाऊ पोपट.

सार्क राष्ट्रांनी 1990 हे बालिका वर्ष म्हणून जाहीर केलं आणि 1991 ते 2000 हे बालिका दशक. अशा घोषणा बहुधा फायलीत सुखाने झोपतात. ही झोपली नाही, कारण बांगलादेशातल्या युनिसेफच्या मंडळींनी ठरवलं की या दशकाला एक चेहरा हवा. तो काढायचं काम आलं मुंबईच्या राम मोहन यांच्याकडे. डिस्नेमधून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये त्यांचा हात तयार झाला होता. अडचण अशी, की मुलगी ढाक्यालाही आपली वाटली पाहिजे, लाहोरलाही आणि काठमांडूलाही. मग चित्रांचे नमुने घेऊन माणसं खेडोपाडी गेली, बायकांना आणि पोरांना विचारत राहिली. शेवटी मीनाला साडी नाही, सलवार-कमीज नाही, लांब परकर मिळाला. पडद्यावर येण्याआधी इतक्या लोकांची संमती घेतलेली दुसरी नायिका मला ठाऊक नाही.

सुरुवातीच्या एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. ती मिठूला वर्गाच्या खिडकीशी धाडते. तो अंक शिकून येतो आणि हिला शिकवतो. त्या अंकांच्या जोरावर घरची एक कोंबडी कमी आहे हे तिच्या ध्यानात येतं आणि चोर सापडतो. गोष्ट गोड आहे, पण तिच्यात एक सोय आहे. मुलगी हुशार निघाली, घराचा फायदा झाला, म्हणून बापाने शाळेत घातली. फायदा झाला नसता तर?

आंब्याची गोष्ट या सोयीच्या पलीकडे जाते. झाडावर चढून आंबा काढते मीना, आणि मोठी फोड जाते राजूच्या वाट्याला. जेवणातही तेच. कारण काय, तर राजूला काम फार पडतं. मग दोघं एक दिवस कामं बदलून घेतात. मीना गाय घेऊन जाते. राजूच्या वाट्याला केर, पाणी, चूल, धाकटी बहीण राणी. रात्री ताटंही बदललेली असतात. दिवसभर राबलेला राजू मीनाचा वाटा जेवतो आणि म्हणतो, मला अजून भूक आहे. तिथे आई-वडिलांचे डोळे उघडतात. या गोष्टीत मीनाने काहीही पराक्रम केलेला नाही. तिची नेहमीची कामं आणि नेहमीचं ताट तेवढं राजूकडे गेलं आहे.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच. मुलीच्या हातात तलवार देणं सोपं असतं. मुलाच्या हातात केरसुणी देताना लेखकाचा, निर्मात्याचा आणि आपलाही हात अडखळतो. राजकन्या घोड्यावर बसली की आपण टाळ्या वाजवतो. पण तिच्या वाड्यात धुणी कोण धुतंय, हे कॅमेरा दाखवत नाही.

गेली कित्येक वर्षं आपली मुलं काय बघतात? ‘छोटा भीम’ 2008 मध्ये सुरू झालं. त्यातली चुटकी धीट आहे, मला आवडते. पण भीमला लढायला बळ येतं ते लाडवांनी, आणि लाडवांचं दुकान चुटकीच्या आईचं, टुनटुन मावशीचं! ‘डोरेमॉन’ तर जपानी. हिंदी बोलत आपल्या दिवाणखान्यात शिरलं, तरी नोबिताची आई घरकामात आणि ओरडण्यात, बाबा ऑफिसातून दमून आलेले, हे चित्र पोरांना जराही परकं वाटलं नाही. याचं आपल्याला थोडं वाईट वाटायला हवं.

मराठीतही गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, सगळे मुलगेच. ‘गोट्या’ लिहिणाऱ्या ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली होती. पण या सभागृहात गोट्या म्हटलं की माना हलतात, चिंगी म्हटलं की शेजारच्याकडे बघितलं जातं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या केरसुणीचं? 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. त्यातही हे आकडे फक्त करणाऱ्यांचे. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात 26 टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्यांचा राजू अजून व्हायचा आहे. मीनामुळे हे बदललं असतं, असा दावा मी करत नाही. कार्टूनवर एवढा भार टाकणं म्हणजे आपण मोकळं होणं.

त्याच 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एक शहाणपणा केला. आई-वडील मिळून भाजी निवडतायत, पुरुष इस्त्री करतोय, बाई डॉक्टर आहेत, अशी चित्रं छापली. महाराष्ट्रात मात्र त्या उन्हाळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ म्हणायचं की ‘वीस एक’ यावर. ते भांडणही मनोरंजक होतं, नाही म्हणत नाही. पण भाजी निवडणाऱ्या बापावर त्याच्या निम्म्यानेही बोललं गेलं असतं, तर त्या चित्राचं चीज झालं असतं. घरात ते पान उघडून ‘बाबा, तुम्ही का नाही?’ असं विचारणारं एखादं पोर असणारच. त्याला काय उत्तर मिळालं, हे कुणी छापलं नाही.

आपल्या शाळांतून युनिसेफच्या साथीने चालणाऱ्या उपक्रमाचं नाव ‘मीना-राजू मंच’ आहे. हे नाव मला फार नेमकं वाटतं. एकट्या मीनाचा मंच केला असता तर मुलगे खिडकीबाहेर क्रिकेट खेळत राहिले असते.

तेव्हा विनंती एक. धीट मुलींच्या गोष्टी आपण नातींना भेट देतो. त्या त्यांना ठाऊकच असतात. या सुट्टीत असं एखादं पुस्तक नातवासाठी घ्या. त्याने नाक मुरडलं, तर त्याच्याशेजारी बसून स्वतः वाचून दाखवा. आणि आजोबांनीच दाखवावं.