पगाराची स्लिप नाही, मग कर्ज कसं?



रंगकाम, प्लंबिंग, वायरिंगची कंत्राटं घेणाऱ्या मंडळींसाठी आज थोडी माहिती.

बँकेत कर्ज मागायला गेलात,
की पहिला प्रश्न येतो, पगाराची स्लिप आहे का?
ती तुमच्याकडे नसते.
म्हणून कर्ज मिळत नाही, असं मात्र नाही.
तुमची कमाई कागदावर दिसली पाहिजे.

हा कागद म्हणजे आयकर विवरणपत्र.
बँका साधारणपणे मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं बघतात.
कर लागत नाही, म्हणून कित्येक जण ते भरतच नाहीत.
घोडं अडतं ते इथंच.

कंपनी तुमच्या बिलाचे पैसे देताना टीडीएस, म्हणजे मुळातच कापला जाणारा कर, कापून घेते.
पॅन दिलेला असेल, तर शंभराला एक रुपया.
त्यावर कुरकुरू नका.
त्याची नोंद तुमच्या पॅनवर होते.
काम केलं, पैसे मिळाले, याचा तो पुरावा.
आणि कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरून कापलेला कर परतही मिळतो.

काही जण कर वाचवायला कमाई कमी दाखवतात,
आणि बँकेत जास्त सांगतात.
बँक कागदावरचाच आकडा धरते. योग्यच आहे ते!

रोख मिळाली, तर आधी खात्यात भरा.
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, करून घ्या.
सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटाला पैसे कशाला?

पुन्हा सांगतो, कमाई कागदावर दिसली पाहिजे.
यंदाचं विवरणपत्र राहिलं असेल,
तर मुदतीच्या आत भरून टाका.