नवऱ्यानं टाकली तरी पट्ट्यावरचं नाव पुसत नाही

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



प्लॉटसाठी आम्ही जंगलखात्याशी भांडलो. दंड भरले, उभी पिकं उपटली ती सोसली, मोर्चे काढले. मोर्च्यात बाया पुढं होत्या. आता पट्टे यायला लागले, तर भांडण घरात आलंय. त्यावरच बोलायचं आहे.

आमच्याच पाड्यातली गोष्ट. एका बाईला नवऱ्यानं टाकली. ती पोरांना घेऊन आईकडं राहिली, वीटभट्टीवर जाऊ लागली. काडीमोड झाला नव्हता. पावसाळ्यात नवरा साप चावून मेला. आमच्यात मृत्युपत्र कोण करतो? दिवस झाल्यावर दीर म्हणाले, "ती इथं नांदत नव्हती, आणि तिचं लग्नही लागलेलं नव्हतं. तिचा काय हक्क?"

आम्ही पंचांत बसलो आणि विचारलं, पाड्यात किती जणांची लग्नं लागलीत? आमच्या वारल्यांत देज ठरतं, बाई नांदायला येते, पोरं होतात, आणि पैसा जमला की मग धवलेरी लग्न लावते. मग मेलेल्याच्याच बाईला लग्न का विचारायचं? पंच गप्प बसले.

आता कायदा समजून घ्या. 1956 चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही, त्याच्या कलम 2 मध्येच तसं लिहिलंय. म्हणून आमचा वारसा रूढीवर चालतो, आणि रूढी सांगायला पुरुषच बसतात. पण प्लॉटाला 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्याचं कलम 4(4) सांगतं: हक्क वारसानं जातो, पण विकता येत नाही. नवराबायको असतील तर पट्टा दोघांच्या नावावर. एकट्या बाईचं घर असेल तर तिच्या एकटीच्या नावावर. म्हणजे बाईचा हक्क नवरा मेल्यावर सुरू होत नाही, तो आधीपासून आहे. ती माहेरी गेली की नाव कमी करा, असं कायद्यात कुठंही नाही.

सातबाऱ्याच्या जमिनीचं अवघड आहे. तिथं रूढी आडवी येते. तरी 1996 साली बिहारमधल्या सिंगभूमच्या हो आदिवासी बायांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की ज्या बाईचं पोट जमिनीवर आहे तिला पुरुष वारसांनी हाकलायचं नाही. आणि काडीमोड झाला असेल तर बाईची बाजू लंगडी पडते, पण पोरांचा बाप काही बदलत नाही.

त्या बाईचं काय झालं? दाव्याच्या अर्जात पत्नी म्हणून तिचंच नाव होतं, नवऱ्यानं स्वतः दिलेलं. आम्ही ते ग्रामसभेत वाचून दाखवलं, ठराव झाला. यंदा नागली तिनं लावली. दीर अजून बोलत नाहीत, पण बांधावर आडवेही येत नाहीत.

म्हणून घरी जाऊन एवढं करा. आपल्या दाव्याच्या अर्जात बाईचं नाव आहे का ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. नसेल तर आत्ताच वनहक्क समितीला अर्ज द्या. सातबाऱ्यावरचा माणूस मेला तर तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसांची वर्दी द्या, सगळ्या पोरापोरींची नावं लिहा, पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि पंचांचा निवाडा तोंडी ठेवू नका, बायांसमोर कागदावर घ्या.

जंगलखात्याला आम्ही म्हणालो, कसणाऱ्याची जमीन. मग घरात वेगळं कसं म्हणणार? कसणारी बाईच आहे.

जिंदाबाद!