भावना हाताळण्याचे शिक्षण : वर्ग कसा शोधावा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांत निकालाची टक्केवारी, शिष्यवृत्त्या, पुढील अभ्यासक्रम यांविषयी नेहमी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आज मी अशा एका शिक्षणाविषयी बोलणार आहे, ज्याचे गुण गुणपत्रिकेत येत नाहीत. परंतु त्याच्या अभावी गुणपत्रिका हाती असूनही मुलगा किंवा मुलगी खचून जाते. हे शिक्षण म्हणजे स्वतःच्या भावना हाताळण्याचे शिक्षण.

काही मुले स्वभावतःच हळवी असतात. दुसऱ्याला जे बोलणे सुईसारखे टोचते, ते यांना भाल्यासारखे लागते. राग, लाज, दुःख चटकन येते, जोराने येते आणि ओसरायला वेळ लागतो. अशी मुले खोलीचे दार लावून घेतात, वस्तू फेकतात, अन्न सोडतात, आणि काही स्वतःलाच इजा करून घेतात. घरचे लोक घाबरतात आणि घाबरून रागावतात. कोणी म्हणतो, "नाटक आहे." कोणी म्हणतो, "मोबाइल काढून घ्या, आपोआप ठीक होईल." कोणी म्हणतो, "नजर लागली." या सर्व काळात मूल एकटेच पडते.

अशा माणसांसाठी अमेरिकेतील सिएटल शहरी, वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. मार्शा लिनेहन यांनी एक उपचारपद्धती विकसित केली. तिचे नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. जगभर तिला थोडक्यात डीबीटी म्हणतात. विद्यार्थी मित्रहो, आपल्याकडे डीबीटी म्हटले की शिष्यवृत्तीचे पैसे थेट बँकेत जमा करणारी सरकारी योजना आठवते. ती डीबीटी वेगळी आणि ही वेगळी. इंटरनेटवर नुसती तीन अक्षरे टाकून शोधाल तर अनुदानाचे अर्जच समोर येतील. म्हणून पूर्ण नाव टाकून शोधावे.

डायलेक्टिकल म्हणजे द्वंद्वात्मक. एकमेकांविरुद्ध वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हा त्यातील मूळ विचार आहे. "तू जशी आहेस तशी मला मान्य आहेस" आणि "तुला बदलावे लागेल" ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडाने, एकाच प्रेमाने म्हणता आली पाहिजेत. नुसते पहिले म्हटले तर मूल तिथेच राहते. नुसते दुसरे म्हटले तर ते ऐकणेच बंद करते. ज्या घरात अम्मी फक्त पहिले म्हणते आणि अब्बा फक्त दुसरे, त्या घरात मुलाची ओढाताण कशी होते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

डॉ. लिनेहन यांचा पहिला मोठा तुलनात्मक अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांमध्ये, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या उपचाराने अशा घटना कमी झाल्या आणि रुग्णालयात राहण्याचे दिवसही कमी झाले. 1993 मध्ये त्यांची पुस्तके निघाली. पुढे 2011 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतः अशाच यातनांमुळे मानसिक रुग्णालयात दाखल होत्या. लोक काय म्हणतील या भीतीने जे लपवले जाते, ते एका नामवंत प्राध्यापिकेने सर्वांसमोर सांगितले. आपल्या घरातील एखाद्या मुलीला "तुझे आता काही व्हायचे नाही" असे म्हणण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

पूर्ण उपचाराचे चार भाग असतात : दर आठवड्याला उपचारकाची एकट्याने भेट, दर आठवड्याला कौशल्यांचा गट, अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन, आणि उपचारकांची आपसातील सल्लामसलत. आज मला मुख्यतः दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे कौशल्यगटाविषयी सांगावयाचे आहे. कारण हा भाग म्हणजे शब्दशः वर्ग आहे. तेथे शिकवणारा असतो, सहशिक्षक असतो, गृहपाठ असतो. आरंभी मागच्या आठवड्याच्या गृहपाठाची विचारपूस होते आणि मग नवे कौशल्य शिकवले जाते. तेथे आपल्या दुःखाची कहाणी सांगत बसावे लागत नाही. स्वतःला केलेल्या इजेचे वर्णन गटात करू नये, असा नियमच असतो. कारण एकाचे ऐकून दुसऱ्याला त्रास होतो. गटात ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हाही नियम.

शिकवण्याचे विषय चार. पहिला, सजगता : या क्षणी मनात व शरीरात काय चालले आहे ते निवाडा न करता पाहणे. दुसरा, त्रास सहन करणे : संकट लगेच सुटणार नसेल तेव्हा ते अधिक न बिघडवता ती वेळ काढून नेणे. तिसरा, भावनांचे नियमन : भावनेला नाव देणे, ती वस्तुस्थितीला धरून आहे का ते तपासणे, झोप, जेवण, व्यायाम सांभाळणे. चौथा, माणसांशी वागणे : हवे ते मागणे, नको ते नाकारणे, आणि तरीही नाते व स्वाभिमान दोन्ही राखणे. प्रौढांच्या गटाचा एक फेरा साधारण 24 आठवड्यांचा असतो आणि पुष्कळ ठिकाणी तो दोनदा करून वर्ष पुरे करतात.

एक साधे उदाहरण देतो. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर अपमान केला. बोटे ताबडतोब उत्तर लिहू लागली. येथे शिकवतात : आधी थांबा. हात जागीच ठेवा. एक पाऊल मागे घ्या, श्वास घ्या. काय घडले आणि मला काय वाटते आहे ते पाहा. मग काय केल्याने गोष्ट सुधारेल याचा विचार करून पुढे जा. ऐकायला सोपे आहे. पण रागाच्या भरात ते सुचण्यासाठी शांत असताना शेकडो वेळा गिरवावे लागते. पाढे जसे पाठ करावे लागतात, तसेच हे.

दुसरे उदाहरण. नापास झाल्याच्या लाजेने मुलगा शाळेत यायला तयार नाही. जितके दिवस तो घरी राहील तितकी लाज वाढेल. अशा वेळी, भावना जे करायला सांगते त्याच्या उलट कृती करावी, मान वर करून वर्गात येऊन बसावे, असे हे शास्त्र सांगते. मात्र आधी वस्तुस्थिती तपासावी लागते. वर्गात त्याला खरोखरच कोणी छळत असेल, तर त्याची भीती खोटी नाही. तेथे छळ थांबवणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

आता काही पालकांच्या मनातील प्रश्न. "हे ध्यान वगैरे म्हणजे दुसऱ्या धर्माची गोष्ट तर नव्हे?" डॉ. लिनेहन यांनी सजगतेची काही तत्त्वे झेन परंपरेतून घेतली हे खरे आहे. त्या स्वतः कॅथलिक होत्या. परंतु वर्गात शिकवले जाते ते लक्ष देणे : जेवताना घासाकडे, चालताना पावलाकडे, बोलताना समोरच्या माणसाकडे. त्यात कोणाची उपासना नाही, कोणता मंत्र नाही. आपली दुवा चालू ठेवून दवाही घेता येते. तरीही शंका असेल तर गट चालवणाऱ्यालाच मोकळेपणाने विचारावे. चांगला उपचारक रागावत नाही.

दुसरा प्रश्न : "बाहेर कळले तर मुलीचे लग्न कसे जमेल? पोलीस केस तर होणार नाही?" मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क तो देतो. जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने मूल घरात लपवून ठेवू नका. लग्नाचे म्हणाल, तर उपचार लपवल्याने संसार टिकत नाही. मन सावरल्याने टिकण्याची आशा असते.

आता मुख्य गोष्ट. असा गट शोधावा कसा? स्पष्टच सांगतो, आपल्याकडे हे गट थोडे आहेत, बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत आणि शिकवण्याचे साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे. काही गट ऑनलाइन चालतात. त्यामुळे तालुक्याच्या गावातूनही प्रवेश मिळू शकतो. म्हणून सुरुवात गटापासून करू नये. आधी मुलाला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांना किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवावे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तेथे बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे गेले म्हणजे दाखल व्हावे लागते असे नाही. तपासून झाल्यावर त्यांनाच विचारावे : या मुलाला कौशल्यगटाचा उपयोग होईल काय, आणि तो कोण चालवतो?

गटाचा पत्ता लागला की पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारा. कागदावर लिहून घेऊन जा.

1. गट कोण चालवतो? शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे काय? या विशिष्ट पद्धतीचे प्रशिक्षण कोठे व किती दिवस घेतले?

2. हा कौशल्यांचा वर्ग आहे, की नुसता बोलण्याचा, आधार देण्याचा गट? दोन्ही चांगले असू शकतात, पण ते एक नव्हेत. चारही विषय शिकवतात काय? गृहपाठ असतो काय? एकूण किती आठवडे?

3. मुलासाठी वेगळा उपचारक असणे आवश्यक आहे काय? स्वतःला इजा करणाऱ्या मुलाला केवळ गटाच्या भरवशावर ठेवू नये.

4. गटात कोणत्या वयाचे लोक आहेत? पंधरा वर्षांच्या मुलीला चाळीस वर्षांच्या माणसांत बसवू नये. मुलींचा वेगळा गट हवा असेल तर तसे विचारावे.

5. दोन सत्रांच्या मध्ये संकट आले तर कोणाला फोन करायचा?

6. फी किती, गैरहजेरीचा नियम काय, भाषा कोणती?

जो माणूस "हमखास बरे करतो" म्हणेल, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगेल किंवा आपली पदवी सांगण्यास टाळाटाळ करील, त्याच्याकडून उठून यावे.

किशोरवयीन मुलांसाठी ही पद्धत थोडी बदलली आहे आणि तो बदल आपल्या फार उपयोगाचा आहे. तेथे आईवडीलही मुलांबरोबर वर्गात बसून तीच कौशल्ये शिकतात. नॉर्वेत 77 किशोरवयीनांवर केलेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 19 आठवड्यांच्या अशा उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाले. आपल्याकडे अनेक घरांतले वडील आखाती देशांत नोकरीला आहेत. ऑनलाइन गट असेल तर त्यांनाही तेथून बसता येईल काय, हे जरूर विचारा. पैसे पाठवणारा बाप आठवड्यातून एकदा वर्गात शेजारी बसतो, याचे मोल मुलाला पैशापेक्षा जास्त वाटेल.

काही पालक म्हणतात, "सर, तुम्हीच शाळेत सर्वांना हे शिकवा की." इच्छा चांगली आहे. पण ऑस्ट्रेलियात या कौशल्यांवर आधारलेला छोटा अभ्यासक्रम शाळांतील सरसकट सर्व मुलांना शिकवून पाहिला, तेव्हा फायदा दिसला नाही. उलट काही बाबतींत मुलांची स्थिती थोडी खालावली, असे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध ज्याला हवे त्याला, जाणकाराच्या हातून द्यावे. शिक्षकाने मुलाकडे लक्ष ठेवावे, ऐकावे आणि योग्य दारापर्यंत पोहोचवावे.

गट मिळेपर्यंत घरी काय करावे? एक गोष्ट आजपासून करता येईल आणि तिला फी लागत नाही. मुलाचे म्हणणे पटले नाही तरी त्याचे दुःख समजल्याचे बोलून दाखवा. "एवढ्याशा गोष्टीसाठी रडतेस?" याऐवजी "निकाल पाहून तुला वाईट वाटले, साहजिक आहे" असे म्हणा. याचा अर्थ आपण हट्ट पुरवला असा नव्हे. आधी समजून घेणे आणि मग शिस्त लावणे, हा क्रम आहे. आणि पालकांनो, यात दोष कोणाचा हे शोधत बसू नका. हळवा स्वभाव आणि त्याला न समजणारी भोवतालची माणसे, या दोहोंतून ही अवस्था वाढत जाते, असे डॉ. लिनेहन यांचे मत आहे. स्वभाव कोणी निवडून घेत नाही. समजून घेणे मात्र शिकता येते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे तुमच्यासाठी. जगू नये असे विचार मनात येत असतील तर कोणत्याही गटाची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरातील एका मोठ्या माणसाला किंवा एका शिक्षकाला सांगा. भारत सरकारची टेलिमानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. पालकांनी हा क्रमांक आताच लिहून घ्यावा. मूल असे काही बोलले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे व कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि सरळ रुग्णालय गाठावे.

मित्राने तुम्हाला असे काही सांगितले आणि "कोणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली, तर ती शपथ पाळू नका. मैत्री रुसली तर पुन्हा जुळते. गेलेला मित्र परत येत नाही.

 ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी शाळा सुटल्यावर शिक्षककक्षात यावे. नाव कोठेही लिहिले जाणार नाही.