अकराव्या घरातलं तळघर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर विकत घेताना आपण काय बघतो? पूर्व-पश्चिम बघतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो, शेजारी कोण राहतं याची चौकशी करतो. मग भिंतीवर दोन टिचक्या मारून ‘बांधकाम चांगलं दिसतंय’ असं म्हणतो आणि आयुष्यभराची पुंजी त्या टिचक्यांच्या भरवशावर देऊन टाकतो.

अमेरिकेत या टिचक्या मारायला एक स्वतंत्र माणूस असतो. त्याला होम इन्स्पेक्टर म्हणतात, आपण घर-तपासनीस म्हणू. खरेदीचा करार झाला की तपासणीसाठी ठराविक दिवस मिळतात. त्या मुदतीत घेणारा स्वतःच्या पैशाने तपासनीस बोलावतो. तो तीन-साडेतीन तास छपरापासून तळघरापर्यंत घर बघतो आणि लेखी अहवाल देतो. तो काही फोडत नाही, उचकटत नाही. घराची किंमत योग्य की अयोग्य हेही सांगत नाही. जे दिसलं ते लिहितो. न्यूजर्सी राज्यात हा व्यवसाय मी काही वर्षं केला. पण आज सांगायचं आहे ते त्या आधीच्या उमेदवारीबद्दल.

माझ्या मेहुण्याने भरलेला अर्ज बारा-तेरा वर्षांनी मंजूर झाला आणि २०१४ साली आम्ही उभयता एडिसन गावी जाऊन पोहोचलो. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. सांगली-कोल्हापूर भागात साइट इंजिनिअर म्हणून पंचवीस वर्षं काढलेली. तिथे मात्र एका हार्डवेअरच्या दुकानात मी गिऱ्हाइकांना स्क्रू मोजून देत होतो. घर-तपासनिसाच्या व्यवसायाबद्दल कळलं तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम! घरं आपण बांधली आहेत, तपासायला काय लागतं?

न्यूजर्सीत त्यासाठी सरकारी परवाना लागतो. तो इंजिनिअर आणि भूमापक यांच्या राज्य मंडळाच्या अखत्यारीत येतो. कॅलिफोर्नियात असा परवानाच लागत नाही. तिकडे राज्यागणिक कायदा वेगळा. न्यूजर्सीत १८० तासांचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष घरात, परवानाधारक तपासनिसाच्या नजरेखाली, बिनपगारी घालवावे लागतात. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातही १४० तासांपैकी ४० असेच घरांत काढायचे असतात. शिवाय एक राष्ट्रीय परीक्षा असते. २०० प्रश्न, चार तास.

परीक्षेची मला भीती वाटली नाही. आपण मराठी माणसं, परीक्षा म्हटलं की आपल्याला हुरूपच येतो. भीती वाटली ती पहिल्या घरात शिरल्यावर. तिथली बहुतेक घरं लाकडाची. लाकडी सांगाडा, त्यावर आतून जिप्समच्या पाट्या. टिचकी मारली की भिंत पोकळ वाजते, आणि ती तशीच वाजायला हवी! माझं सगळं आयुष्य विटा, वाळू, सिमेंट आणि सळई यांत गेलेलं. पोटमाळ्यावर चढलो तर पायाखाली फक्त लाकडी तुळया आणि त्यांच्यामध्ये कापसासारखा थर. चुकून त्या थरावर पाय पडला तर माणूस थेट खालच्या बेडरूममध्ये अवतरायचा.

ते सक्तीचे चाळीस तास आमच्या शाळेने लावून दिले. पण एका घरात आम्ही आठ-दहा विद्यार्थी. फर्नेसचं झाकण उघडलं की लग्नाच्या पंगतीसारखी रांग. माझा नंबर येईपर्यंत झाकण पुन्हा लागलेलं असायचं. तास भरले, परीक्षाही पास झालो. पण कागद हातात आल्यावर मनाला विचारलं, ‘उद्या कुणी एकट्याला बोलावलं तर जाशील?’ मन ‘हो’ म्हणेना.

म्हणून ठरवलं की कुणा अनुभवी माणसाच्या मागे हिंडायचं. पैसे नकोत, फक्त बघू द्या. यादी घेऊन फोन करत सुटलो. एक म्हणाला, आज तुला शिकवायचं आणि उद्या तू माझंच काम घेणार. दुसरा म्हणाला, माझ्या शिडीवरून तू पडलास तर विमा कंपनीला काय सांगू? तिसरा म्हणाला, गिऱ्हाइकाने पैसे मला दिलेत, तुझी शाळा बघायला नाही. राग आला, पण तिघांचंही खरं होतं. त्या राज्यात तपासनिसाला चुकांसाठी किमान पाच लाख डॉलरचा विमा ठेवावा लागतो. एवढी जोखीम पाठीवर घेऊन फिरणारा माणूस अनोळखी उमेदवाराला बरोबर का घेईल? कुठल्याही धंद्यात पहिली पायरी अशीच असते. अनुभवाशिवाय कुणी उभं करत नाही, आणि उभं केल्याशिवाय अनुभव कुठून येणार?

सतराव्या की अठराव्या फोनवर एक गृहस्थ ‘ये’ म्हणाले. सत्तरीचे, पूर्वी सुतारकाम केलेले. त्यांच्या तीन अटी होत्या. शिडी मी उचलायची. पेट्रोल माझं. आणि गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं नाही. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा फरक नसतो म्हणतात. पण त्यांच्या आवाजात स्वच्छ ‘तू’ होता, आणि मला तो आवडला. पंचवीस वर्षांत मला असं ‘तू’ कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांची पद्धत अशी. घराशी पोहोचलं की टॉर्च आणि वही गाडीतच ठेवायची, हात खिशात घालायचे आणि घराला बाहेरून एक फेरी मारायची. बघायचं एकच, पावसाचं पाणी कुठे जातं. छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून नळात, नळातून कुठे? जमीन घरापासून दूर उतरते की घराकडे येते? तिथल्या बांधकामाच्या नियमाप्रमाणे पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार बाहेरच्या बाजूला हवा. घराचे निम्मे रोग पाण्याचे, असं ते म्हणायचे. ते ऐकून मला आमचे सांगलीचे म्हातारे गवंडी आठवायचे. तेही आधी पागोळी कुठे पडते ते बघत.

आता अकराव्या घराची गोष्ट सांगतो.

घर १९५०च्या सुमाराचं, छोटं, नीटनेटकं. घेणारं जोडपं तरुण. ओळख झाली आणि मुलगा चक्क मराठीत बोलायला लागला. तो नाशिकचा, ती सोलापूरची. तिला सातवा महिना होता. माझ्या मेहुण्याच्याही ते ओळखीचे निघाले. परदेशात अशी भेट झाली की माणूस विरघळतो. पहिल्या दहा मिनिटांत मी ‘काका’ झालो.

तपासणी करत आम्ही तळघरात उतरलो. तिथल्या पुष्कळ घरांत तळघर म्हणजे बेसमेंट असतं. फर्नेस, पाणी तापवायची टाकी, वॉशिंग मशीन सगळं तिथे. माझे गुरू कोपऱ्यात फर्नेसशी वाकले होते. मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “काका, तुम्ही इंजिनिअर आहात. बेसमेंट कोरडं आहे ना? बाळंतपणाला हिचे आईबाबा येतील, त्यांची सोय इथेच करायची आहे.”

मी चारी बाजूंना नजर फिरवली. जमीन कोरडी होती, वास नव्हता. म्हणालो, “अगदी कोरडं आहे. निर्धास्त राहा.”

तिसरी अट मोडली होती. गुरूंना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण त्यांनी त्या मुलाचा चेहरा पाहिला. सुटकेचा चेहरा कुठल्याही भाषेत कळतो. जोडपं वर गेल्यावर त्यांनी विचारलं, “काय सांगितलंस त्यांना?”

मी खरं ते सांगितलं.

“ती मागची भिंत पाहिलीस?”

“पाहिली.”

“काय दिसलं?”

“खोकी.” घरमालकाने भिंतीला लागून सामानाची खोकी रचली होती, छातीइतकी उंच.

“आणि खोक्यांच्या मागे?”

“मागे काही दिसलं नाही.”

“मग कोरडं आहे असं का म्हणालास?”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “मी दहा मिनिटं वर जाऊन स्वयंपाकघर बघतो. तू इथे थांब. खोक्यांना हात लावू नकोस, तो आपला अधिकार नाही. फक्त बघ.”

त्या दहा मिनिटांत जे शिकलो ते १८० तासांत शिकलो नव्हतो. फर्नेसच्या पत्र्याला तळापासून चार बोटं उंचीपर्यंत गंजाची सरळ रेघ होती. जिन्याचा लाकडी खांब खाली काळपट पडला होता. सगळ्यात खालच्या खोक्याचा पुठ्ठा दबून मऊ झाला होता. खोक्यांच्या वर आणि बाजूला जेवढी भिंत दिसत होती तेवढीला ताजा पांढरा रंग होता. बाकीच्या तीन भिंती जुन्याच. आणि बाहेर? त्याच कोपऱ्यावर पन्हळीचा नळ तुटून पाणी जोत्याशीच पडत होतं, जमीनही घराकडे उतरत होती. ही गोष्ट तर मी स्वतःच सकाळी फेरी मारून आल्यावर वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती! बाहेरचं पाणी मी पाहिलं, आतली भिंतही पाहिली. दोन्ही एकच गोष्ट आहे हे मात्र मला दिसलं नाही, कारण मला त्या मुलाला ‘हो’ म्हणायचं होतं.

गुरू खाली आले. मी एकेक खूण सांगितली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “आता वर जा आणि तुझ्या भाषेत त्यांना सांग.”

शिडी उचलणं सोपं होतं. पन्नाशीला आलेल्या माणसाने पंचवीस-तीस वर्षांच्या मुलासमोर उभं राहून ‘मघाशी मी बोललो ते चूक होतं’ म्हणणं सोपं नव्हतं. मी म्हणालो. तो म्हणाला, “पण काका, तुम्ही तर आत्ताच...” आणि गप्प झाला. त्याची बायको शांतपणे म्हणाली, “म्हणजे ओल आहे का?” मी म्हटलं, “ते मला माहीत नाही. ओलीच्या खुणा आहेत. भिंत मला दिसलेली नाही.”

अहवालातही गुरूंनी तसंच लिहिलं. ‘मागच्या भिंतीचा खालचा भाग साठवलेल्या सामानामुळे तपासता आला नाही. आसपास ओलाव्याच्या खुणा आहेत. सामान हलवून पुन्हा पाहावं.’ काय बघितलं इतकंच नव्हे, तर काय बघता आलं नाही आणि का, हेही अहवालात लिहायचं असतं. तिथला तो नियमच आहे. मला तोवर ते पळवाटेसारखं वाटायचं.

चार दिवसांनी खोकी हलवली. पोकळ काँक्रीट ब्लॉकच्या त्या भिंतीला मधोमध आडवी भेग होती आणि भिंत आत फुगली होती. बाहेरची ओली माती वर्षानुवर्षं रेटते तेव्हा असं होतं. उभ्या बारीक भेगेला कुणी फारसं घाबरत नाही, पण ही आडवी भेग वाईट. गुरूंनी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हटलं. दुरुस्तीवरून मालकाचं आणि त्यांचं जमलं नाही. जोडप्याने ते घर सोडलं.

त्यांनी माझे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मेहुण्याकरवी निरोप आला, ‘तुमच्या भावजींमुळे हातचं घर गेलं.’ मी हिरमुसून गुरूंना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मंगळवारी आठ वाजता. शिडी विसरू नकोस.”

अशी एकूण बेचाळीस घरं त्यांच्या मागे फिरलो. पुढे माझे अहवाल तेच तपासू लागले. ‘उत्तम स्थितीत’, ‘काही दोष नाही’ असं कुठे आलं की लाल शाईची रेघ. ‘नाही’ खोडून वर ‘दिसला नाही’. रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू जमिनीतून तळघरात येतो, त्याला ना रंग ना वास. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं ते दुसरं मोठं कारण मानलं जातं. मोजल्याशिवाय तो कळत नाही. अशा गोष्टींबद्दल ‘घर निर्धोक आहे’ म्हणणारा मी कोण? बेचाळिसाव्या घरानंतर ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यापासून तुझी शिडी तू घे.” हाच माझा समारंभ.

आता पुण्यात परतलो आहे. आपल्याकडे घर-तपासनिसाचा असा सरकारी परवाना नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने मात्र नव्या घराच्या ग्राहकाला एक आधार दिला आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळून तो बिल्डरच्या नजरेस आणला, तर त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण त्यासाठी दोष आधी दिसायला हवा. म्हणून सांगतो, जमलं तर घर भर पावसाळ्यात बघा. वरच्या मजल्याचं न्हाणीघर कुठे येतं ते बघा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा.

परवा भाच्याबरोबर एक जुना फ्लॅट बघायला गेलो होतो. बेडरूमच्या एका भिंतीला छतापर्यंत कपाट होतं, ठोकून बसवलेलं. पलीकडे बाथरूम. भाचा म्हणाला, “मामा, एकदा सांगून टाका, घर चांगलं आहे ना?”

मी म्हटलं, “कपाटामागची भिंत मला दिसलेली नाही.”

तो जरा नाराज झाला. पण दुसऱ्या दिवशी सुतार घेऊन गेला.