एका पत्त्यावरची अनेक बिऱ्हाडे

चाळीच्या पत्त्यावर पत्र आले, पण पाकिटावर नावच नाही, तर पोस्टमनने ते कोणाच्या दारात टाकावे? १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वेब सर्व्हरची स्थिती अशीच होती. वाचक ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचे नाव लिही. त्यावरून आयपी पत्ता शोधला जाई आणि मागणी त्या पत्त्याकडे रवाना होई. मागणीत हव्या असलेल्या पानाचा उल्लेख असे. स्थळाचे नाव मात्र वाटेतच गळून पडे. साहजिकच प्रत्येक स्थळाला स्वतंत्र पत्ता द्यावा लागे. हे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. संख्या मोठी वाटते खरी. परंतु फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पाच गट वाटले गेले आणि ती कोठी रिकामी झाली.

त्यापूर्वीच सापडलेला उपाय अवघ्या एका ओळीचा होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या नियमांनी प्रत्येक मागणीत ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची केली. पाकिटावर नाव आले आणि एकाच पत्त्यावर शेकडो स्थळे नांदू लागली. त्यांना व्हर्च्युअल होस्ट, म्हणजे आभासी यजमान, असे म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. वस्तुतः ही सारी भाडेकरू मंडळी होत, यजमान एकच.

अपाचे या १९९५ पासूनच्या सर्व्हरमध्ये ही मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत करतात. प्रत्येक बिऱ्हाडाची एक चौकट. तीत ‘सर्व्हरनेम’पुढे नाव आणि ‘डॉक्युमेंटरूट’पुढे पाने ठेवल्याची जागा. आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेले नाव यंत्राच्या लेखी निराळेच; ते ‘सर्व्हरअलायस’पुढे वेगळे नोंदवावे लागते.

आणि नाव जुळलेच नाही तर? अपाचे मागणी परत पाठवीत नाही. त्या पत्त्यासाठी जी चौकट प्रथम लिहिलेली असेल, तिच्या दारात ती नेऊन टाकतो. कल्पना करा : फाइलीत एका अक्षराची चूक झाली आणि दवाखान्याचे स्थळ उघडणाऱ्या रुग्णापुढे कुणा दुकानाची पाने आली. यंत्र तक्रार करीत नाही. त्याच्या मते सारे सुरळीत आहे. म्हणून जाणते व्यवस्थापक पहिली चौकट मुद्दामच कोणाला देत नाहीत. अनोळखी नावाला नकार देणे एवढेच तिचे काम.

सुरक्षित संपर्कात मात्र पेच पुन्हा उभा राहिला. तेथे सर्व्हरने आधी आपले प्रमाणपत्र दाखवायचे, मग बंद पाकीट उघडायचे. आणि नाव तर पाकिटाच्या आत! मग कोणाचे प्रमाणपत्र दाखवावे? २००३ साली संपर्काच्या आरंभीच नाव कळविण्याची तरतूद झाली. अपाचेने ती २००९ मध्ये स्वीकारली. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती अखेरपर्यंत उमगली नाही, त्यामुळे पुष्कळ स्थळांना आणखी काही वर्षे स्वतंत्र पत्ता बाळगावा लागला. हे नाव सहसा उघडच पाठविले जाते. वाटेवरच्या त्रयस्थाला पत्रातील मजकूर वाचता येत नाही; पत्र कोणत्या बिऱ्हाडी चालले आहे, हे मात्र दिसते.